कडेनं पाहणारे

प्रदर्शनाच्या दाराशी अभिप्रायवही ठेवलेली असते. तिच्यात 'अप्रतिम', 'खूप छान' आणि 'देव बरें करूं' एवढी तीनच मतं आलटून पालटून सापडतात. कलेचे विद्यार्थी त्या वहीकडे फिरकत नाहीत. त्यांचा अभिप्राय त्यांच्या उभं राहण्यात दिसतो. पणजीत फोटो-कोलाजचं, म्हणजे फोटो कापून, फाडून, चिकटवून केलेल्या चित्रांचं प्रदर्शन लागलं आणि आल्तिनोच्या कला महाविद्यालयातली मुलं आली, की ती चित्रासमोर थांबतच नाहीत. बाजूला जातात, गाल भिंतीला टेकवतात, एक डोळा मिटतात. रखवालदाराला वाटतं फ्रेम वाकडी लागलीय.

तुकड्यांची जाडी तिरप्या उजेडातच दिसते, आणि कुठला कागद कुठल्या कागदावर चढलाय तेही. फोटोचा कागद साधारण पाव मिलिमीटर जाड आणि पोटातून पांढरा. सरळ पातं चालवलं की चेहऱ्याभोवती पांढरी रेघ उमटते आणि माणूस चित्रात बसण्याऐवजी चित्रावर चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून अकरा नंबरचं सर्जिकल पातं थोडं आत झुकवून धरायचं, म्हणजे काप चित्राखाली सरकत जातो. मग तुकडा पालथा घालून मागची कड बारीक पॉलिशपेपरनं घासायची, आणि राहिलेल्या पांढऱ्यावर जवळच्या रंगाची पेन्सिल फिरवायची. घाईत काळं मार्कर फिरवलं तर शाई आत झिरपते आणि हसऱ्या चेहऱ्याला वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेची चौकट मिळते. हे पाप बरेच जण करतात.

कात्री वापरणाऱ्यांची वळणं वेगळी ओळखू येतात. कात्री फिरवली की गालाच्या गोलाईला कोन पडतात. कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायचा असतो. विळीवर बसून भाजी चिरणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, तिथे पातं जागचं हलतच नाही. रूढ कलेची खिल्ली उडवणाऱ्या बर्लिनच्या दादावादी कलाकारांमधल्या हाना ह्योखनं १९१९-२०मध्ये कापलेले फोटो जुळवून केलेल्या आपल्या गाजलेल्या चित्राच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातला सुरा घातला होता. आपल्याकडची असती तर विळी घातली असती, आणि कापही जास्त गोल आले असते.

फाडलेल्या कडेचा हिशेब निराळा. हवा असलेला तुकडा डाव्या हातात धरून उरलेला भाग आपल्याकडे ओढला, तर ठेवलेल्या तुकड्याला पांढरी, केसाळ कड येते. तोच भाग पलीकडे ढकलत फाडला तर ती जवळजवळ येत नाही. मासिकाच्या कागदावर हे छान जमतं. लॅबमधल्या प्रिंटवर जमत नाही, कारण तिच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो फाटण्याआधी ताणला जातो आणि कडेला झालर लोंबते.

चिकटवताना तोच थर पुन्हा आडवा येतो. फेव्हिकॉल किंवा मैद्याची खळ वाळते ती कागदानं पाणी शोषून घेतलं तर, आणि प्लास्टिक पाणी शोषत नाही. वरून घट्ट वाटतं, आठवड्यानं कोपरा जिभेसारखा बाहेर येतो. मागची बाजू खरखरीत करून घ्यावी, नाहीतर सरळ दोन्ही बाजूंनी चिकटणारी फिल्म वापरावी. मासिकाच्या पातळ कागदाचं दुखणं उलटं आहे. तो ओला झाला की पसरतो, म्हणून खळ लावून दोन-तीन मिनिटं तसाच पडू द्यायचा आणि मग बसवायचा. आधीच बसवला तर बोर्डावर पसरत राहतो आणि फुगे धरतो. घरगुती इंकजेट प्रिंट तर ओल्या खळीला टेकवूच नये, बहुतेकींचा रंग सुटतो. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स चालते, तिची पूड उष्णतेनं कागदावर वितळून बसलेली असते.

यातलं बरंचसं सगळीकडे खरं आहे. गोव्यात जून ते सप्टेंबर जरा जास्तच खरं असतं. हवेत ओल, गॅलरीत दिवसा एसी आणि रात्री बंद, म्हणजे कागद रोज एकदा ताणला जातो आणि एकदा सैल पडतो. पुढून चिकटवलेला कागद वाळताना बोर्डाला आपल्याकडे खेचतो, म्हणून तेवढाच कागद मागूनही चिकटवायचा, तंतूंची दिशा तीच ठेवून. काचेला फोटो टेकला तर पावसाळ्यात तिलाच चिकटतो, मग सोलून काढावा लागतो. मधे दोन-तीन मिलिमीटरची पट्टी हवीच. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की चिऱ्याच्या ओल्या भिंतीपासून ती सुटी राहते. मैद्याच्या खळीवर कसर येते. बाइंडर त्यासाठी चिमूटभर मोरचूद घालतात; वहीला ठीक, चित्राला नको, कारण तांबं पुढे कागदालाच खातं.

आता समोरून पाहायला हरकत नाही. पहिली तपासणी सावलीची: चर्चची सावली डावीकडे आणि पायरीवर आणून बसवलेल्या पाववाल्याची उजवीकडे, असं असेल तर ते मुद्दाम केलंय की लक्षात आलं नाही? मुद्दाम असेल तर चित्रात आणखी कुठेतरी उजेडाशी असाच खेळ केलेला सापडतो. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीनं १९८२मध्ये पोलरॉइड, म्हणजे कॅमेऱ्यातून लगेच छापून निघणारे फोटो जुळवून चित्रं केली तेव्हा प्रत्येकाची पांढरी किनार तशीच राहू दिली. त्या चौकटींच्या जाळीतून पाहताना गोव्यातल्या जुन्या घराची शिंपल्यांची खिडकी आठवते. तिथे चौकटी लाकडाच्या, आणि शिंपल्यातून पलीकडचं काही दिसत नाही, नुसता दुधी उजेड आत येतो.

निघताना त्या मुलांपैकी एखादी अभिप्रायवही उघडतेच. दोन 'अप्रतिम'च्या मधे बारीक अक्षरात लिहिते: सहावं चित्र, उजवा खालचा कोपरा, हवा धरलीय. सोमवारपर्यंत उठेल.