बेशरमावरचं सोनं

कासव-भुंगेरा, म्हणजे पाठीवर कासवासारखी ढाल असलेला छोटा भुंगेरा, हवा असेल तर आधी पानांवरची भोकं शोधा, किडा मग सापडतो. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत पाऊस लागला की ओहोळाकाठचं बेशरमाचं झुडूप माजतं. त्याच्या पानांची चाळण झालेली दिसली की पान उलटसुलट करून बघायचं. रताळ्याच्या वेलावरही तेच. बेशरम आणि रताळं एकाच कुळातले, आणि आपल्याकडचे बरेच कासव-भुंगेरे याच कुळावर जगतात. म्हणून फोटोसोबत झाडाचं नावही टिपून ठेवा. ओळख पटवताना निम्मं काम तिथंच होतं.

लोक या भुंगेऱ्याला हमखास ढालकिडा (लेडीबर्ड) म्हणतात. ढालकिड्याचं डोकं पुढून दिसतं, मिशा आखूड, आणि तो मावा खातो. याचं डोकं ढालीखाली दडलेलं, वरून फक्त मिशांची टोकं दिसतात, आणि हा शुद्ध शाकाहारी. सगळ्यात मोठी खूण म्हणजे अंगाभोवतीचा काचेसारखा पारदर्शक काठ. मुंगी आली की तो काठ पानाला घट्ट टेकवून बसतो. तिला पाय धरायला मिळतच नाही.

आमच्याकडचा मोठा, पिवळसर आणि काळ्या ठिपक्यांचा तो ॲस्पिडिमॉर्फा मिलियारिस. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ साली त्याचं वर्णन केलं. रताळ्यावरचा इवलासा हिरवट-सोनेरी, पाठीवर काळं कडं आणि मधोमध काळी रेघ असलेला, तो कॅसिडा सर्कमडाटा. हे दोन ओळखायला सोपे. बाकीच्यांवरून जाणकारांतही वाद होतात, आपण कशाला पडा त्यात!

मला मात्र प्रौढांपेक्षा अळीचं वेड जास्त. चपटी, कडेनं काटेच काटे, शेपटाला दुतोंडी काटा. कात टाकली की ती कात फेकून न देता त्याच काट्यावर अडकवून ठेवते. पुढच्या वेळची कातही तिथंच. अनेक जातींत त्यावर स्वतःची विष्ठाही थापलेली असते, आणि त्यासाठी गुदद्वार नळीसारखं बाहेर काढून हवं तिथं वळवता येतं. गवताच्या काडीनं हळूच डिवचलं की हा सगळा डोलारा पाठीवर उचलून काडीच्या दिशेनं वळवते. सासूबाई म्हणतात, "अगो, सकाळी सकाळी कसली घाण बघत बसलीस?" आता त्याच मला हाक मारून दाखवतात.

पकडून टाचणीला मात्र लावू नका. सोनेरी जातींचा तो रंग म्हणजे रंगद्रव्य नव्हे. कवचात अतिशय पातळ थर असतात, त्यांतला ओलावा टिकतो तोवर चकाकी. पनामातल्या एका जातीवर २००७ साली अभ्यास झाला: डिवचलं की थरांतला द्रव निघून जातो आणि सोनेरी भुंगेरा लाल दिसू लागतो. मेल्यावर तर उरतो नुसता तपकिरी टरफलासारखा किडा. संग्रहातल्या नमुन्यावरून जिवंतपणीच्या रंगाचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे फोटो हाच खरा पुरावा. एक वरून, एक कडेनं, जमलं तर काचेवर चढवून एक खालून.

मोरजीला सगळे ऑलिव्ह रिडले कासवांसाठी जातात. तिथल्या किनारपट्टीवरच्या वाळूत मर्यादवेल पसरते, तीही रताळ्याच्याच गोतावळ्यातली. पुढच्या खेपेला तिची पानंही जरा उलटून बघा, आणि काही मिळालं तर फोटो मला पाठवा.