"थांबा दादा, येईल": काझीरंगातली एक सकाळ

बागोरी रेंजमध्ये शिरून वीसेक मिनिटं झाली असतील. चालकानं जिप्सी थांबवली आणि बोट दाखवलं ते शेणाच्या ढिगाकडे. गुडघाभर उंच, बैलगाडीएवढा पसरलेला ढीग. वरचा थर ओला, कडेचा वाळून भुसा झालेला. मागच्या सीटवरचे काका पुटपुटले, "यासाठी पहाटे उठवलंत होय?"

"थांबा दादा, येईल," चालक हिंदीत म्हणाला.

एकशिंगी गेंडा सहसा ठरलेल्या जागीच शेण टाकतो आणि एकाच ढिगावर अनेक गेंडे येतात. वासावरून कोण येऊन गेलं ते कळतं. थोडक्यात, ही त्यांची चावडी. माझा विश्वास बसला नव्हता, पण दहा मिनिटांत गवत हललं. आधी दिसले कान. दोन्ही वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. नजर अधू असल्यानं त्याचा सगळा भरवसा कानांवर आणि नाकावर. मग दोन टनांचं ते धूड आमच्याकडे ढुंकूनही न बघता आलं, ढिगाकडे पाठ केली, दोन पावलं मागं सरकलं आणि आपलं काम उरकलं. काका गप्प.

आपण निबर माणसाला 'गेंड्याच्या कातडीचा' म्हणतो. दुर्बिणीतून पाहिलं तर मानेजवळच्या घड्यांच्या आत कातडी चक्क गुलाबी होती आणि तिथल्या माश्यांनी तो बेजार झाला होता. म्हण बदलायला हवी.

ठरल्या जागीच येण्याच्या सवयीनं मात्र त्याचा घात केला. रोजची वाट ठरलेली, ढीग ठरलेला. शिकाऱ्यानं फक्त वाट पाहायची. पूर्वी त्या वाटेवर खड्डे खणून गेंडे पाडत, पुढे बंदुका आल्या. आणि हे सगळं कशासाठी? लोक औषध समजतात त्या शिंगासाठी. त्यात हाड नसतं. आपल्या नखा-केसांत असतं तेच केराटिन. २२ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक गेंडा दिनी, इथून जवळच बोकाखातला आसाम सरकारनं साठवलेली २,४७९ शिंगं जाळली. बाजारात प्रचंड किंमत मिळाली असती. मला तो निर्णय पटतो. सरकारच शिंगाची किंमत जपून ठेवायला लागलं, तर ते औषध नाही हे कोणाला पटणार?

जिप्सी पुढे गेली तशी बिलाच्या, म्हणजे इथल्या उथळ तळ्याच्या काठी खांबांवर उभी असलेली चौकी दिसली. खाली चूल, दोरीवर वाळणारा खाकी गणवेश, भिंतीला टेकवलेली रायफल. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा आत शिरली की वनरक्षक तिथेच, चारी बाजूंनी पाण्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मोजकेच गेंडे उरले होते. २०२२च्या गणनेत २,६१३ भरले आणि त्याच वर्षी आसामात एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. हे आकडे अशा चौक्यांमधल्या जागरणांचे आहेत.

पण एवढे सगळे एकाच पूरग्रस्त मैदानात, ही धाकधूक आहेच. म्हणून २००८पासून काही गेंडे आसामातल्याच मानस राष्ट्रीय उद्यानात नेऊन सोडले. तिथले आधीचे शिकाऱ्यांनी संपवले होते. सुमात्रन गेंडा एके काळी ईशान्य भारतातही होता, आज इंडोनेशियात कसाबसा तग धरून आहे. जावन गेंडा उरला आहे तो जावाच्या पश्चिम टोकाला, उजुंग कुलोनमध्ये. त्या दोघांपुढे आपला एकशिंगी सुखवस्तूच म्हणायचा.

पूर वाईटच, असंही नाही. बिलांमधली जलपर्णी वाहून जाते, कुरणं ताजी होतात. फक्त त्या दिवसांत प्राण्यांना दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या टेकड्या गाठायच्या असतात आणि मधे आडवा येतो राष्ट्रीय महामार्ग. तेव्हा गाड्यांना वेळेची चिठ्ठी देतात. ती पाहून पुढच्या टोकाला कळतं, कोण सुसाट आलं.

संध्याकाळी भाड्याच्या टॅक्सीतून परतताना प्राण्यांच्या वाटेचा फलक आला. आमची गाडी ऐंशीवर. मी चालकाला हळू चालवायला सांगितलं.

"आत्ता कुठे पूर आहे?" तो म्हणाला. तेवढ्यात समोरून एक हरीण उड्या मारत रस्ता ओलांडून गेलं. त्यानं करकचून ब्रेक दाबला, काच खाली करून अंधारात बघत राहिला आणि मग हॉटेल येईपर्यंत चाळीसच्या वर गेला नाही.