सरांचा निषाद

सरांच्या घरात वारी नव्हती. गळ्यात माळ नव्हती, पण कार्तिकी जवळ आली की गाण्याच्या वर्गात विषय निघायचाच: रिटायर झालो की कोल्हापुरातून चालत पंढरपूरला जायचं. रिटायर झाले, मग गुडघे गेले, आणि या श्रावणात सरच गेले.

शोकसभा झाली. पुरस्कार, समित्या, सरांनी कुणाला कधी शाबासकी दिली, सगळं माईकवर येऊन गेलं. ज्या माणसाने आयुष्यभर चाली बांधल्या, त्याची एक चाल कुणी गायली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून शेजारच्या मावशींकडे गेले आणि त्यांच्या दिंडीत जेवणखाणाची भिशी भरून आले.

पहिले दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. पंचगंगेचा पूल, हातकणंगले, जयसिंगपूर. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी. उसाच्या ट्रॉल्या अंगाला घासून जायच्या. दिंडीच्या ट्रकवर कर्णा होता आणि त्यातून कायम कुठलं तरी रेकॉर्ड केलेलं भजन लागलेलं असायचं. पुढे चाळीस जण टाळ वाजवत गातायत आणि मागून कर्णा वेगळ्याच लयीत ओरडतोय, हे मला सहन होत नव्हतं. दोनदा सांगून पाहिलं. दिंडीचालक म्हणाले, "ताई, मागच्यांना ऐकू यायला नको?" कर्णा तसाच चालू राहिला.

अंकलीच्या पुलावर कृष्णेला हात जोडले आणि मिरजेत शिरलो.

मिरजेत दिंडी चहाला थांबली तेव्हा मी सतारमेकर गल्लीत जाऊन आले. सर आम्हाला इथे घेऊन यायचे. तंबोरा विकत घ्यायचा नसला तरी तो होताना बघा म्हणायचे. तुनाचं लाकूड, वाळवून ठेवलेले भोपळे, तार गुंजावी म्हणून तिच्याखालच्या घोडीवर तासन्‌तास चालणारं जवारीचं काम. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तेव्हा सरांनी शिकवणीला आलेल्या सगळ्यांना पेढे वाटले होते. भोपळ्यावर हात ठेवून ते एकदा म्हणाले होते, "हा पंढरपूरकडून येतो बरं का. भीमेकाठचा आहे. त्याची वारी आधीच झालीय." त्या गल्लीत उभी राहून मला ते शब्द त्यांच्या आवाजात ऐकू आले, आणि चहा राहिला तो राहिलाच.

मिरज सोडल्यावर विणेकरी बुवांनी एक अभंग घेतला आणि माझे पाय थांबले. चाल सरांची होती. भीमपलासातली, कधीकाळी आकाशवाणीच्या सांगली केंद्रासाठी बांधलेली. ध्रुवपद जसंच्या तसं. आजूबाजूला कुणाला सरांचं नावही माहीत नव्हतं आणि सगळी दिंडी सर गात होती. रडू आलं, ते पुसायचंही सुचलं नाही.

मग अंतरा आला. तिथे सरांनी पंचमावरून कोमल निषादावर, म्हणजे कोमल 'नी'वर, क्षणभर टेकून मग तार षड्ज, वरचा 'सा', लावला आहे. ते टेकणं म्हणजेच ती चाल. आमच्याकडून त्यांनी ती जागा किती वेळा घोटून घेतली असेल! बुवांनी निषाद सरळ ओलांडला. पंचमावरून उडी, थेट षड्ज. दुसऱ्या अंतऱ्यालाही तेच. माझं डोकं फिरलं. कवठेमहांकाळपर्यंत मी त्या अभंगाला तोंड उघडलं नाही. दोन्ही बाजूंना द्राक्षबागांच्या छाटण्या चालल्या होत्या, माणसं काड्यांना पेस्ट लावत होती, आणि मी मनातल्या मनात बुवांना निषाद शिकवत चालले होते.

नागजच्या पुढे डावा पाय संपला. तळव्याला रुपयाएवढा फोड आला होता, त्याच्याखाली अजून एक. ऊन ऑक्टोबरचं, रस्ता नवा, रुंद, झाडं तुटलेली. दिंडी पुढे गेली. मावशी थांबत होत्या, त्यांना मीच पुढे घालवलं. रस्त्यालगत एका लिंबाखाली एक आजी वाकळ शिवत बसल्या होत्या. मला लंगडताना बघून म्हणाल्या, "माउली, बसा हितं. पाय द्या हिकडं."

मी पाय आखडला. आजी माझ्या आईपेक्षा मोठ्या.

"वारकऱ्याचा पाय हाय, लाजता काय त्यात?"

त्यांनी वाकळेची सुई काढली, काडी ओढून तिचं टोक तापवलं, दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढली. दुखलं नाही. दोरा मात्र आतच ठेवला, दोन्ही टोकं बोटभर सोडून. "ह्यो काढू नगा. पानी ह्याच्यावाटं जातंया. कातडं सोलायचं न्हाई, आपसूक बसतंय." वर खोबरेल आणि हळद.

मी त्या दोऱ्याकडे बघत बसले. सर घोडीवर तारेखाली असाच सुताचा दोरा सरकवायचे. डोळे मिटलेले, दोन बोटांत दोरा, तो केसाएवढा इकडे-तिकडे. मग एका जागी तार बोलायला लागायची आणि सरांचे हात मागे यायचे.

"कोण गेलं तुमचं?" आजींनी विचारलं. मी काही बोलले नव्हते.

"माझे सर. गाण्याचे."

"मास्तर व्हय. कसं हुतं?"

काय सांगणार? २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्याची दुसरी सकाळ मला आठवली. सर शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला काठी टेकून उभे होते. त्या रंगमंचावर त्यांची किती गाणी झाली होती. बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र शिकवणी ठेवली आणि तासभर आमच्याकडून नुसता षड्ज लावून घेतला, दुसरा स्वर नाही. हे मी आजींना जमेल तसं सांगितलं.

"मग म्हना की त्यांचं कायतरी."

मी तो अंतरा गायले, निषादासकट. आजींची सुई पुन्हा वाकळेत चालू झाली होती. गाणं संपल्यावर त्यांनी तांब्यातून ताक ओतून दिलं. "ग्वाड हाय. प्या आन्‌ निघा, दिंडी लांब जाईल. इठ्ठलाला माजा बी नमस्कार सांगा."

जुनोनीजवळ टाळ थांबले. २०२२ च्या कार्तिकीला इथेच दिंडीत गाडी घुसून करवीर तालुक्यातले वारकरी गेले. सगळे आपोआप रस्त्याच्या कडेला सरकले. त्या पट्ट्यात कर्णाही बंद होता.

सांगोल्याच्या मुक्कामात मी बुवांना गाठलं. चाल कुणाची आहे ते सांगितलं, सर गेले ते सांगितलं, निषाद गाऊन दाखवला. त्यांनी वीणा उतरवली नाही, पण डोळे मिटून ऐकलं. "सांगली रेडिओवर पहाटं लागायचं. आमच्या आबांनी तिथनं उचललं." मग म्हणाले, "जागा सुंदर हाय, ताई. पर चालताना तितं पाऊल पडतंय आन्‌ दम तुटतोय. बसून म्हनताना घिऊ."

मला अजून ते पूर्ण पटलेलं नाही. निषादाशिवाय तो अंतरा मला रिकामाच वाटतो.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग बघून मी मुखदर्शन घेतलं, आजींचा नमस्कार पोचवला. रात्री ६५ एकरात, वारकऱ्यांच्या मुक्कामतळावर, कीर्तनाआधी बुवांनी मला पुढे बसवलं, माईकवर सरांचं नाव घेतलं आणि अभंग सुरू केला. अंतऱ्याला त्यांनी माझ्याकडे पाहून हात केला. मी निषादावर टेकले. मागचे दोघे-तिघे माझ्याबरोबर थांबले, बाकीचे पुढे निघून षड्जावर जाऊन पोचलेही होते. दुसऱ्या वेळेला आणखी काही जण थांबले.