पाचवं चाक: दगडधोंड्यांतले चार दिवस

तिसऱ्या दिवशी दुपारी नदीचं कोरडं पात्र ओलांडताना मागच्या उजव्या बाजूने फट्कन आवाज आला आणि गाडी कलली. उतरून पाहिलं तर टायरच्या बगलेला चांगली बोटभर चीर. आदल्या दिवशी नक्षीत घुसलेला खिळा काढून, भोकात स्ट्रिप (चिकट रबरी पट्टी) भरून दहा मिनिटांत आम्ही पुढे निघालो होतो. बगल फाटली की स्ट्रिप काही कामाची नाही. तिथे स्टेपनीच लागते.

माझी स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली होती. दोन दिवसांचा चिखल तिच्याभोवती वाळून दगड झाला होता. साखळी सोडली तरी चाक खाली येईना. त्यात हवा गेल्यामुळे गाडी मागून बसलेली, म्हणजे चाक ओढून काढायला जागाच नाही. जॅकखाली फळी ठेवून गाडी उचलली, चिखल खरवडला आणि मग ते बाहेर आलं. यात पाऊण तास गेला. स्टेपनी खाली टांगलेली असेल, तर रोज मुक्कामावर साखळी एकदा ढिली करून पाहा. मागच्या दारावरची स्टेपनी हाताशी असते, पण बिजागऱ्यांवर ताण येतो. टपावर ठेवायची असेल तर पुन्हा विचार करा. तीसेक किलोंचं चाक एवढ्या उंचावर गेलं की आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, शिवाय एकट्याने ते खाली उतरवणं अवघड.

खरा प्रश्न पुढेच होता. स्टेपनी मापाने तीच, 265/65 आर 17, पण कधीच न वापरलेली. बाकीचे चार टायर बरेच झिजलेले. नक्षीच्या खोलीत 7 मिलिमीटरचा फरक म्हणजे व्यासात 14 मिलिमीटर. हिशेब केला तर किलोमीटरमागे साधारण 18 मीटरचा फरक पडतो. मोकळ्या मातीत चाक घसरून तो भरून निघतो. कडक रस्त्यावर फोर व्हील लावून चालवलं, तर तोच ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. माझ्या मागच्या ॲक्सलला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांच्या वेगात फार फरक पडू न देणारी रचना, म्हणून पुढचं एक झिजलेलं चाक मागे घेतलं आणि स्टेपनी पुढे बसवली. दुप्पट मेहनत झाली, पण डिफरन्शियल वाचलं. आता मी चार नव्हे, पाच चाकं आळीपाळीने फिरवतो. पाचही सारखी झिजतात.

एक गोष्ट मात्र निघण्याआधीच केली होती. स्टेपनीची डिस्क (टायर ज्यावर बसतो तो धातूचा भाग) लोखंडी आणि बाकी चाकं अलॉयची, म्हणून ती एकदा लावून पाहिली. अलॉयचे सपाट वॉशरवाले नट लोखंडी डिस्कच्या निमुळत्या भोकांत नीट बसत नव्हते. वेगळे नट सोबत घेतले, नाहीतर त्या पात्रातच अडकलो असतो. दुसऱ्या गाडीची डिस्क उसनी घेणार असाल तर नुसते बोल्ट मोजू नका. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मधलं भोक आणि ऑफसेट (डिस्कची बसण्याची जागा तिच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर), तिन्ही जुळायला हवीत.

टायरची तारीखही बघा. बगलेवरच्या लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: 3522 म्हणजे 2022 चा पस्तिसावा आठवडा. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं. भार निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, चारही टायरांपेक्षा कमी नको. 112 म्हणजे एका चाकावर 1120 किलो. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरून ठेवा. जास्तीची सोडता येते, पण कमी असली तर पंप लागतो.

सोबतच्या गाडीत कंपनीची अरुंद, तात्पुरती स्टेपनी होती. तशा चाकावर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते आणि ते डांबरी रस्त्यासाठी असतं. दगडांत त्याचा काय निभाव लागणार? माझी स्टेपनी लागल्यावर दोन गाड्यांत भरवशाचं एकही जादा चाक उरलं नाही. चौथ्या दिवशीची खडकाळ धार आम्ही सोडून दिली. मन फार खट्टू झालं, पण आल्या वाटेने परतलो. पन्नास किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळले, तेव्हा दोन नट पाव फेरा फिरले.

पुढच्या वेळी पाचव्या चाकाबरोबर सहावा नुसता टायर, बीड (टायरची डिस्कला घट्ट बसणारी कड) सोडवायचं अवजार आणि दोन लांब लिव्हर नेणार आहे. ती धार अजून राहिली आहे.