वाक्य संपेपर्यंत थांबायला शिकवणाऱ्या बाई

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे पत्र माजी विद्यार्थी संघाकडून आले, तेव्हा कशावर लिहावे हा प्रश्न मला पडलाच नाही. शाळेने मला पुष्कळ काही दिले. पण ज्या भाषेवर आज माझा चरितार्थ चालतो आणि जिच्यात माझे मनही रमते, ती जर्मन भाषा मला बाईंनी दिली. त्यांचे नाव येथे लिहिण्याची गरज नाही. आमच्या पिढीत ‘जर्मनच्या बाई’ म्हटले की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा येतो.

शाळेत जर्मन शिकून पुढे विद्यापीठात तोच विषय घेणाऱ्याला वाटते की आपण इतरांच्या बरेच पुढे आहोत. पहिल्या सत्रात ते खरेही असते. परंतु शाळेत जे चार-पाच वर्षांत सावकाश होते, ते विद्यापीठात अगदी प्राथमिक पातळीपासून सुरुवात करणारे विद्यार्थी रोजच्या तासांच्या जोरावर फार लवकर आत्मसात करतात, आणि मग शब्दसंग्रहाची आपली आघाडी उरत नाही. त्यातच तेथे भाषेचे स्थान बदलते. शाळेत जर्मन हा विषय होता. विद्यापीठात साहित्याचा इतिहास, भाषाविज्ञान, निबंधलेखन हे विषय होते आणि जर्मन हे ते शिकण्याचे साधन होते. व्याख्याते आमच्यासाठी थांबत नसत, शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून देत नसत. अशा वेळी माझ्याजवळ जे टिकून राहिले, ती बाईंनी लावलेली एक सवय होती. ती कशी लागली, ते सविस्तर सांगावेसे वाटते.

एकदा बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिले. आधी ‘आजोबा’ हा कर्ता, दुसऱ्या जागी सहायक क्रियापद, मग ‘काल संध्याकाळी’, मग ‘नातवाला’, मग ‘सर्व पाहुण्यांसमोर’, मग ‘पुस्तक’. आणि शेवटच्या शब्दावर त्यांनी वर्तमानपत्राची घडी धरली. ‘‘आजोबांनी काय केले?’’ त्यांनी विचारले. ‘‘पुस्तक दिले,’’ कुणीतरी लगेच सांगितले. बाईंनी घडी बाजूला केली. शब्द खरोखरच ‘गेगेबेन’, म्हणजे ‘दिले’, असा होता. तो पुसून त्यांनी दुसरा लिहिला, पुन्हा घडी धरली आणि तोच प्रश्न विचारला. या खेपेस आजोबांनी पुस्तक काढून घेतले होते. त्यानंतर त्यांनी ते वाचून दाखवले, आणि त्यानंतर ते देण्याचे नुसतेच कबूल केले. आजोबा तेच, नातू तोच, पाहुणे आणि संध्याकाळही तीच; तरी प्रत्येक वेळी त्या घरात काहीतरी निराळेच घडले होते. सारा वर्ग त्या घडीकडे टक लावून पाहत होता. मग बाई म्हणाल्या, ‘‘शेवटचा शब्द हाती येईपर्यंत अर्थ ठरवू नका, आणि आधीचा एकही शब्द हातातून सोडू नका.’’

मराठीतही क्रियापद शेवटी येते, तेव्हा तुम्हांला हे जड जाण्याचे कारण नाही, असे त्या वारंवार सांगत. फरक इतकाच की जर्मनमध्ये मुख्य वाक्यातले चालवलेले, म्हणजे कर्त्याप्रमाणे रूप बदललेले, क्रियापद दुसऱ्या स्थानी येते आणि त्याचा जोडीदार वाक्याच्या टोकाला जातो, तर गौण वाक्यात चालवलेले क्रियापदच शेवटी जाऊन बसते. त्या दिवसापासून प्रत्येक तासाची काही मिनिटे याच सरावाला मिळू लागली. बाई वाक्य मोठ्याने वाचत, शेवटच्या शब्दाआधी थांबत, आणि तेथे शोभतील अशी सगळी क्रियापदे आम्ही सुचवत असू.

विद्यापीठात हाइनरिश फॉन क्लाइस्ट या जर्मन लेखकाचे गद्य अभ्यासाला आले. वाक्यात वाक्य, त्यात आणखी एक वाक्य अशी त्याची रचना असते आणि क्रियापद कित्येक ओळींनंतर भेटते. माझे अनेक सहाध्यायी, जे व्याकरणाच्या चाचण्यांत माझ्यापेक्षा सरस होते, तेथे अडत. मला मात्र ते वाचताना शाळेतलाच तास पुढे चालू असल्यासारखे वाटे. पुढे भाषांतर आणि दुभाष्याच्या कामाचा अभ्यास केला, तेव्हा समजले की जर्मनमधून भाषांतर करणाऱ्या दुभाष्यापुढची मोठी अडचण नेमकी हीच आहे: वक्ता क्रियापदापर्यंत पोहोचलेला नसतो आणि श्रोते तर वाट पाहत असतात. तेथे जे कौशल्य प्रगत म्हणून शिकवत होते, त्याचा पाया बाईंनी वर्तमानपत्राच्या एका घडीने आमच्या शालेय वयातच घातला होता.

व्याकरण त्यांनी आम्हांला मराठीच्या आधारानेच शिकवले, आणि ही त्यांची पद्धत मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. आपल्या भाषेत तीन लिंगे आहेत, जर्मनमध्येही तीन आहेत. त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग कसे, असा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही. जर्मनमध्ये मुलीसाठी असलेला ‘मेटशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी का, असे आम्ही विचारले, तेव्हा बाईंनी आधी ‘ते पोर’ची आठवण करून दिली आणि मग लघुत्वदर्शक ‘-शेन’ प्रत्यय लागलेले सगळे शब्द त्या भाषेत नपुंसकलिंगीच होतात, हा नियम सांगितला. जर्मनमधल्या चारही विभक्ती त्यांनी प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी या आपल्या परिचित नावांनीच शिकवल्या. वहीत नाम एकटे लिहायला त्यांची सक्त मनाई होती. त्याच्यासोबत उपपद आणि अनेकवचन आलेच पाहिजे. विशेषणांचे प्रत्यय तर उपपद, लिंग, वचन आणि विभक्ती यांवरच ठरतात, त्यामुळे ज्याचे लिंग कच्चे त्याचे पुढचे सारे वाक्य कच्चे राहते. ते दुखणे मला कधी सोसावे लागले नाही.

ग्रिम बंधूंची ओळखही बाईंनीच करून दिली. 1812मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीकथांचे संग्राहक म्हणून आम्ही त्यांना ओळखत होतो. विद्यापीठात त्यांचे दुसरे रूप दिसले. याकोब ग्रिम यांनी 1822मध्ये आपल्या ‘जर्मन व्याकरण’ या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत व्यंजनबदलाचे नियम मांडले, आणि संस्कृतातल्या ‘पितृ’मधला ‘प’ जर्मन ‘फाटर’मध्ये ‘फ’ कसा होतो, याचा उलगडा त्या नियमांनी होतो. दोघा भावांनी हाती घेतलेल्या जर्मन शब्दकोशाचा पहिला खंड 1854मध्ये निघाला. विल्हेल्म 1859मध्ये आणि याकोब 1863मध्ये निवर्तले, आणि ते काम पुढच्या पिढ्यांनी 1961मध्ये पूर्ण केले. हे शिकताना मला राहून राहून वाटे की बाईंना सांगायला जावे, आणि सुट्टीत मी गेलोही. त्यांना यातले बहुतेक आधीच ठाऊक होते. तरीही त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि वर दोन प्रश्न विचारून मला पुन्हा ग्रंथालयात पाठवले.

आज मी जर्मन कंपन्यांच्या तांत्रिक पुस्तिका आणि करार यांची भाषांतरे करतो, बैठकांत दुभाष्याचे काम करतो आणि विद्यापीठात भाषांतराचा एक अभ्यासक्रमही शिकवतो. शाळेतून जर्मन शिकून येणाऱ्या मुलांची संख्या चांगली असते, याचा आनंद आहे. मात्र त्यांच्या तयारीत एक उणीव मला सतत जाणवते. गाळलेल्या जागा ती भराभर भरतात, शब्दाचा अर्थ मोबाइलवर क्षणात शोधतात. पण दोन ओळींचे वाक्य मोठ्याने वाचायला सांगितले की मध्येच थांबतात, कारण पूर्ण वाक्य कानाने पेलण्याची सवय त्यांना कुणी लावलेलीच नसते. मोठ्याने वाचनाचा वेळ वेळापत्रकांतून गेला आणि त्याच्या जागी सराव प्रश्नपत्रिका आल्या, हे मला फार मोठे नुकसान वाटते.

आपल्या शाळेत तरी तो वेळ पुन्हा सुरू व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जर्मन शिकवणाऱ्या सध्याच्या शिक्षकांना मान्य असेल, तर आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचनासाठी घेण्याची माझी तयारी आहे, आणि त्यासाठी इयत्तेनुसार निवडलेल्या उताऱ्यांचा संच मी मुख्याध्यापकांकडे या लेखासोबतच पाठवत आहे. त्यांतल्या पहिल्या उताऱ्यातली सर्व वाक्ये बाईंनी आम्हांला वर्गात दिलेली आहेत.