चौकट नंबर दोन: सूतभर फटीने तीन दिवस खाल्ले

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आता फक्त जोडायचं आणि उभं करायचं. ते मागे घेतो. खांब-तुळईची दुसरी लाकडी चौकट घोड्यांवर (सुताराच्या लाकडी तिवयांवर) आडवी मांडली, कुसू (तुळईच्या टोकाची बारीक केलेली जीभ) खांबाच्या खाचेत मस्त सरकत गेलं आणि शेवटच्या सूतभरावर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जे अडलं ते अडलंच. तुळईचा खांदा, म्हणजे कुसवाच्या मुळाशी असलेली पायरी, खांबाला टेकायलाच तयार नाही.

आधी संशय खांद्यावर, म्हणून गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावून परत तासला. मग वाटलं कुसू बाजूंना घासतंय, खडू फासून बघितलं, दोनदा रंधा मारला, कुसू सैल झालं पण फट जिथल्या तिथे. रॅचेट पट्टा आवळला तर त्याचेच दात घसरले (स्वस्तातला घेऊ नका, आवळताना हातावर येतो). शेवटी डोकं फिरलं, म्हटलं कुसवातलं खुंटीचं भोक खांबातल्या भोकापेक्षा खांद्याकडे सूतभर सरकवलेलंच आहे (याला ड्रॉबोअर म्हणतात), लाकडी खुंटी घेईल सांधा खेचून, आणि हाणली. मोडली आतल्या आत. ती गिरमिटाने कोरून काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

उत्तर मिळालं ते खडू कुसवाच्या टोकाला लावल्यावर. खाचेच्या तळाला पांढरा ठिपका! 4 इंचाचं कुसू, 4 इंचाची खाच, चपखल बसणार म्हणून मी खूश होतो. पण खाच पाडली तेव्हा खांब ओला, म्हणजे न वाळलेला होता, आता मोजला तर 8 इंचाचा 7 इंच 6 सूत भरतो. लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाहीच, म्हणजे खाच उथळ झाली आणि कुसू होतं तेवढंच राहिलं.

पटाशीने तळ 2 सूत उतरवला. पुढच्या ठोक्याला आवाजच बदलला, पोकळ ठकठक जाऊन एक भरीव धप्प. खांद्यात कागद जात नाही आणि दोन्ही कर्ण सेम! पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

उभारणी रविवारी, दोर आणि माणसं लावून, असं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय एक खांब रोवून कप्पी बांधावी, अर्ध्यावर हात दमले तर चौकट धरणार कोण? आणि खांबांच्या बुडाला ठोकळे हवेतच, नाहीतर उचलताना मागे सरकतील. मग रविवार राहू दे, उरलेल्या सगळ्या खाचा आधी खोल करतो.

आत्ता उठून पहिल्या चौकटीकडे जाऊन आलो. ती ओली असतानाच जोडलेली, खुंट्या ठोकून कापून पण टाकल्यात. डावीकडच्या खांद्यात कागद सहज गेला.