सांजेला सुरू, सकाळी बंद

तिसऱ्या संध्याकाळी ते पुन्हा आलं. पावणेसातच्या सुमाराला पडद्यावर पहिली उभी रेघ उमटली, सव्वा सेकंदानं दुसरी, मग तिसरी, आणि मग रांगच लागली. माझ्या शेजारी बसलेल्या मुलानं कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो मूळचा केरळचा, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. पल्सार म्हणजे ठरावीक अंतरानं रेडिओ स्पंदनं पाठवणारा फिरता तारा. त्यातून मधूनच सुटणाऱ्या एकेकट्या तीव्र स्पंदनांवर या मुलाचं काम आहे. अर्ज करून, तो समितीपुढून मंजूर होऊन दुर्बिणीच्या मोजक्या रात्री त्याच्या वाट्याला आल्या होत्या, आणि त्यातल्या दोन आधीच वाया गेल्या होत्या.

मी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर काम करते. नारायणगावपासून जवळ, जुन्नर तालुक्यात, पुण्याहून साधारण 80 किलोमीटरवर. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश इथे आहेत. चौदा मधल्या चौकात जवळजवळ, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, शेताशेतांतून 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप सरांनी ही दुर्बीण उभी केली तेव्हा एवढ्या मोठ्या डिश परवडाव्यात म्हणून भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोऱ्यांवर बारीक तारांची जाळी बसवली. वारा तिच्यातून निघून जातो आणि मीटरभर लांबीच्या रेडिओलहरी मात्र परततात. माझं काम डिशचं नाही आणि ताऱ्यांचंही नाही. माणसाच्या यंत्रांमधून निसटून इथवर येणारा रेडिओ गोंगाट शोधायचा, तो कुठून येतो ते बघायचं आणि जमलं तर थांबवायचा, हे माझं काम.

हा गोंगाट आकाशातला नाही, हे त्या मुलाला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. पडद्यावरच्या आमच्या चित्रात आडवी वेळ असते आणि उभी वारंवारिता, आणि पल्सारचं स्पंदन त्यात तिरपं, बाक आलेलं दिसतं. तारा आणि आपण यांच्यामधल्या पोकळीत इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात, आणि लहरीची वारंवारिता जेवढी कमी तेवढी ती त्यांच्यामुळे जास्त रेंगाळते. ज्याचं डीएम, म्हणजे वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं माप, 50 आहे अशा पल्सारचं स्पंदन 500 मेगाहर्ट्झला पोचल्यावर तेच 300 मेगाहर्ट्झला पोचायला जवळजवळ दीड सेकंद लागतो. आमच्या रेघा काठीसारख्या सरळ होत्या. म्हणजे मध्ये काहीच अंतर नव्हतं. उगम जमिनीवर होता, आणि जवळ.

तरी 1.24 सेकंद हा आकडा पाहून माझ्या मनात क्षणभर हललंच. 1967 साली केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला मिळालेल्या पहिल्या पल्सारचा आवर्तकाळ 1.337 सेकंद होता. तिनंही आधी हा माणसाचाच काही उद्योग असेल ही शक्यता तपासली. तिच्या आलेखावरची खूण रोज चार मिनिटं लवकर येत होती, ताऱ्यांच्या घड्याळानं, म्हणून ती आकाशाकडे वळली. आमच्या रेघा रोज त्याच सुमाराला येत होत्या, दिवेलागणीला. सकाळी साडेसहाच्या आसपास त्या एका झटक्यात जात. रात्रभरात त्यांचा वेगही जरासा ढळे. संध्याकाळचे 1.24 पहाटेपर्यंत 1.27 होत, थंडी वाढे तसे. कुठलाच पल्सार असं करत नाही.

विजेच्या ठिणग्यांचा गोंगाट छाटणारा फिल्टर आमच्याकडे आहे. पण तो अचानक येणारी तीव्र स्पंदनंच छाटतो, आणि हा मुलगा नेमकी तीच शोधत होता. म्हणून फिल्टर मुद्दाम बंद ठेवलेला. एकेका अँटेनाचा सिग्नल वेगळा काढून पाहिला तेव्हा चौक जवळजवळ स्वच्छ निघाला. रेघा एका भुजेवरच्या एका अँटेनात ठळक होत्या आणि शेजारच्या अँटेनात पुसट. शोध दोनेक किलोमीटरांवर आला.

उरलेला शोध आमच्या ड्रायव्हरमामांनी जागच्या जागी लावला. सकाळी चहाच्या वेळी मी गाडी मागायला गेले आणि सहज सगळं सांगितलं. मामांची स्वतःची शेती आहे. ते म्हणाले, "ताई, सांजेला सुरू, सकाळी बंद, आन सेकंदा-सेकंदाला टिक? झटका मशीन असंल कुणाच्या तरी वस्तीवर."

आम्ही तीन रात्री आलेख काढत होतो. मामांनी चहा संपायच्या आत सांगितलं. या कामात मला हे पुन्हा पुन्हा दिसलंय, आणि दर वेळी त्यांच्याबद्दल मनात आदरच वाटतो.

झटका मशीन म्हणजे कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं छोटं यंत्र. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, बॅटरी बहुतेक सोलरवर भरते. सेकंद-सव्वासेकंदानं ते तारेत काही हजार व्होल्टचा, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा झटका सोडतं. जनावराला तो जोरात बसतो, जीव जात नाही. तारेत थेट लाइटची लाइन सोडण्याच्या जीवघेण्या प्रकाराशी याचा काही संबंध नाही, हे इथे आवर्जून सांगते, कारण लोक दोन्हीला करंटच म्हणतात.

संध्याकाळी पाचला निघालो. मी, मामा आणि तो मुलगा. गाडीत छपरावरच्या जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी एक हातअँटेना, मोजणीचं यंत्र आणि माझा खिशातला ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर मी कायम बरोबर ठेवते. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीत लावून ठेवला की ठिणगी जवळ आल्याचं तो महागड्या यंत्राच्या आधी सांगतो. जानेवारी होता, उसाची तोड चालू होती. अर्धे फड मोकळे, अर्धे उभे. रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या.

सव्वासहाला सूर्य गेला. पावणेसातला ट्रान्झिस्टरमधून आलं, टक्. मग टक्. त्या मुलानं घड्याळ लावून मोजलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पाणंदीनं आत गेलो तसा आवाज चढत गेला, आणि उसाच्या दोन फडांमधल्या एका मळ्यातल्या घरासमोर तो इतका झाला की मामांनी गाडीच बंद केली.

माझ्या पिशवीत विनंतीचं पत्र होतं. निरीक्षणाच्या रात्री आपलं यंत्र कृपया बंद ठेवावं, अशा मजकुराचं. असं पत्र मी आधीही नेलेलं आहे, टीव्हीच्या बिघडलेल्या बूस्टरसाठी. लोक समजून घेतात.

ओट्यावर एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या. आत सून भाकऱ्या करत होती. आजींचा मुलगा गोठ्यातून आला, हात पुसत. दुर्बिणीवरून आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी खुर्च्या काढल्या. आठवीतली नात धावत आली, कारण 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ती शाळेबरोबर आमच्याकडे प्रदर्शन बघायला आली होती. डिश फिरताना पाहिली होती, ते तिला अजून आठवत होतं.

मी विचारलं, "दादा, झटका मशीन कधी बसवलं?"

उत्तर आजींनी दिलं. "दिवाळीला आमचा मोत्या नेला. हितनं, ह्या वट्यावरनं. पोरगी आतमंदी अभ्यास करीत व्हती, दार उघडं." त्या थांबल्या. शेंग हातात तशीच. "मंग पंधरा दिसांनी शेळी. तवा पोरानं तार वडली. तवाधरनं आमी निजतो."

मुलगी माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. त्या ओट्यापासून उसाचा उभा फड वीस पावलांवर होता.

इथे बिबट्या उसात राहतो. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला, आणि वर्षभर आडोसा देणारं एक रानच शेताशेतांतून तयार झालं. मादी उसातच विते, बिबट्या कुत्री-शेळ्या खातो. वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास केला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. नावाला जंगल नसलेल्या त्या शेतीच्या भागात 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्याच आधीच्या कामातून हेही पुढे आलं होतं की बिबटे धरून दुसरीकडे सोडले की सोडलेल्या भागात माणसांवरचे हल्ले वाढतात. म्हणजे माणूस आणि बिबट्या दोघांनाही इथेच राहायचंय, आणि मध्ये हवी ती साधी, न मारणारी आडकाठी. तशीच एक आडकाठी माझ्यासमोर टक् टक् करत होती.

ते पत्र मी पिशवीतून काढलं नाही. "आजी, बंद करायला सांगायला नाही आले," मी म्हटलं, आणि म्हणताना माझं मलाच कळलं की दोन मिनिटांपूर्वीपर्यंत मी त्याचसाठी आले होते. "फक्त तार बघू का?"

आमच्याबरोबरच्या पीएचडीच्या मुलाला मराठी येत नाही. त्यानं मला हळूच विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं. तो बराच वेळ ओट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, माझ्या रात्री गेल्या तर गेल्या.

पण जायची गरज नव्हती, आणि हे मला तेव्हा त्याला समजावून सांगावं लागलं. चांगलं कुंपण एवढा गोंगाट करत नाही. झटका तारेतून सुरळीत गेला तर रेडिओवर तो जेमतेम ऐकू येतो. गोंगाट होतो तो ठिणगीमुळे. तारेत कुठे बारीक फट राहिली, गंजलेला सांधा असला, की वीज ती फट उडी मारून ओलांडते, आणि ती उडी एकाच वेळी सगळ्या वारंवारितांवर ओरडते. तीच ती आमची काठीसारखी सरळ रेघ. म्हणजे आमच्या पडद्यावर जे येत होतं ते कुंपण नव्हतं, कुंपणातलं वाया जाणारं बळ होतं.

ठिणगी डोळ्यांना दिसावी म्हणून घरातले सगळे दिवे बंद करायला सांगितले. अंधारात आम्ही तारेकडेनं चालत गेलो, पुढे दादा मोठी बॅटरी घेऊन, पण तीही विझवलेली, मागे मामा काठी आपटत. दिवे नसलेल्या मळ्यात उसाच्या कडेनं चालताना मला भीती वाटली, खरी भीती, पोटातली. ऊस वाऱ्यानं सळसळला की सगळे थांबत. ही भीती या घरात रोज सातला येते, हे मला तेव्हा पायांतून समजलं.

फाटकापाशी मुलीला दिसलं आधी. "ताई, तिथं!" फाटकाची तार मुख्य तारेला आकड्यानं अडकवलेली होती. रोजच्या उघडझापीनं आकडा सैल झालेला, वर गंज. सव्वा सेकंदाला तिथे टाचणीच्या टोकाएवढी निळी ठिणगी पडत होती. पुढे गोठ्यामागे खालच्या तारेत गाजरगवत वाढून अडकलं होतं, तिथून झटका थोडा थोडा जमिनीत उतरत होता.

गाडीत तारेचा दाब मोजायचं साधन होतं. घराच्या मागच्या कोपऱ्यात तारेवर 3,000 व्होल्ट भरले. दादा गप्प झाले. आपलं घर मागच्या बाजूनं जवळजवळ उघडं होतं, हे त्यांना त्या आकड्यावरून कळलं.

मशीन बंद केलं. आकडा घासून पांढरा केला, त्याला पक्का नटबोल्टचा क्लॅम्प घातला आणि फाटकाला वाकणारी केबल जोडली. सूनबाई विळा घेऊन आल्या आणि बॅटरीच्या उजेडात त्यांनी गवत काढलं, आमच्या कुणाहूनही भरभर. तासभर गेला. पुन्हा चालू केलं तेव्हा मागच्या कोपऱ्यात 7,400 भरले. ट्रान्झिस्टर मी तारेपासून चार हातांवर धरला. खरखर, आणि खरखरीखाली कुठेतरी पुसटसं काहीतरी, आहे म्हटलं तर आहे.

आजींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं-भाकरी, ठेचा, वर तूप. मुलीनं त्या मुलाला इंग्रजीत विचारलं की पल्सार किती लांब असतो. त्यानं शेंगा मांडून सांगायचा प्रयत्न केला. निघताना तिनं वहीवर आमच्या नियंत्रण कक्षाचा फोन नंबर लिहून घेतला.

पाचव्या संध्याकाळी साडेसहापासून आम्ही पडद्यासमोर होतो. सात झाले. सव्वासात. 300 ते 500 मेगाहर्ट्झचा पट्टा करडा, सपाट, नुसत्या कणांचा. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"ताई, मशीन चालू हाये. दिसतंय का?"

मी त्या भुजेवरच्या अँटेनाचा वेगळा आलेख उघडला. मुलगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"नाही गं," मी म्हटलं. "काहीच दिसत नाही."

"मंग बरंय," ती म्हणाली, आणि मागे आजींना मोठ्यानं ओरडून सांगितलं.